ब्रेकवरचं हळदकुंकू

माझी गाडी विकायची, हे माझ्याशिवाय सगळ्यांचं ठरलं होतं. नातवंडांनो, तुमच्या आईचं तिकडे परदेशात ठरलं, तुमच्या मामाचं बंगळूरला आणि माझ्या धाकट्या दिरांचं निपाणीत. एका रविवारी सकाळी तिघांनी मला फोनवर घेतलं. बोलायला नव्हे, निकाल ऐकायला.

"आई, तू आता अडुसष्टची आहेस," तुमची आई म्हणाली. "आपण ड्रायव्हर ठेवू. तुला कुठं जायचं असेल तिथं तो नेईल."

"वैनी, माझ्याकडं बघा की," दीर म्हणाले. "जन्मात स्टेरिंगला हात लावला न्हाई मी. काय अडलं माझं?"

दिरांचा तंबाखूचा व्यापार आहे. त्यांच्याकडे कायम ड्रायव्हर असतो आणि ते मागच्या सीटवर पेपर उघडून बसतात. त्यांचं काही अडलं नाही हे खरं आहे. पण माझं अडलं असतं. बेळगावहून निपाणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला मी एकोणीस वर्षं जात होते. सुरुवातीला एसटीने, आणि पुढे गाडी घेतल्यावर स्वतःच्या हाताने. वंटमुरीचा घाट, तवंदीचा घाट, ऊस भरलेल्या ट्रॉल्या, विरुद्ध दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, या सगळ्यांतून मी वेळेवर वर्गात पोचत असे. या गाडीला आजवर माझ्या हातून एकच ओरखडा पडला आहे, तोही आपल्याच फाटकाचा. म्हणजे माझा गुन्हा फक्त वयाचा होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

तेव्हा मी म्हणाले, "गाडी आत्ता विकता येणार नाही. मी स्पर्धेत नाव दिलंय."

तुम्हाला खरं सांगते, तोपर्यंत मी नाव दिलेलं नव्हतं. गॅरेजमध्ये मिळालेला एक कागद फक्त माझ्या पर्समध्ये होता. निपाणीजवळ एका बंद पडलेल्या कारखान्याचं मोठं डांबरी आवार आहे. तिथे काही हौशी मंडळी रबरी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात आणि एका वेळी एक गाडी घड्याळ लावून सोडतात. कोन पडला की दंडाचे सेकंद वाढतात. रोज वापरायच्या साध्या गाड्यांचा वेगळा गट होता. कागदावर वयाची अट कुठेही नव्हती. मी तो दोनदा वाचला होता.

दीर आधी भानावर आले. "वैनी, रेस? तुम्ही?"

मी पेन घेतलं आणि अटी सांगितल्या. तीन फेऱ्या असतात. तिन्ही नियमात पुऱ्या करीन. गाडी आणि मी धड परत आलो, तर हा विषय कायमचा बंद. एक जरी फेरी अर्धी राहिली, तर तिथेच मैदानावर किल्ली दिरांच्या हातात देईन. तुमच्या आईने लगेच हो म्हटलं. मी आठ दिवसांत विचार बदलीन असा तिचा हिशोब असणार. तिला मी लहानपणापासून ओळखते, पण तिने मला तितकंसं ओळखलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, माझ्या मेकॅनिककडे गेले. बारा वर्षं तोच माझी गाडी बघतो. पन्नाशी ओलांडलेला आहे, बोलायला फटकळ, हाताला पक्का. मी स्पर्धेचं सांगितल्यावर तो हसला नाही. म्हणूनच मी दुसरीकडे जात नाही. पण त्याच्याकडे गाडी दाखवायला आलेला एक बारीक दाढीवाला तरुण मात्र हसला. त्याच्या गाडीचा सायलेन्सर गावाला जाग येईल असा होता.

"आज्जी," तो म्हणाला, "तिथं रिव्हर्स पार्किंगची रेस नसती बरं का."

"असती तर तुझं काय झालं असतं?" मी विचारलं. त्याची गाडी दारात तिरकी उभी होती आणि तिच्यामुळे दोन रिक्षा अडकल्या होत्या. मेकॅनिक तेव्हा मात्र मनापासून हसला.

मग त्याने कागद घेतला आणि माझ्या गाडीचं काय काय करायचं ते सांगू लागला. सायलेन्सर मोठा बसवायचा, हवेचा फिल्टर उघडा करायचा, इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घ्यायची. "बाई, लई पळंल बघा. तुम्ही नुसतं पाय ठेवायचा."

"आणि पाय काढल्यावर?"

"म्हंजे?"

"थांबेल का?"

"थांबंल की. ब्रेक हायत न्हवं कंपनीचं."

मी म्हटलं, आधी गाडी आहे तशी चालवून बघू, मग ठरवू. स्पर्धेआधीच्या एका रविवारी त्याच आवारात सराव ठेवला होता. मी गेले, तोही आला. मी गाडी चालवली आणि त्याने घड्याळ धरलं. प्रत्येक फेरीनंतर मी उतरून वहीत लिहीत होते, कुठे गाडी कमी पडली आणि कुठे मी कमी पडले. पहिल्या फेरीत जास्त मीच कमी पडले. दुसरी बरी गेली. तिसऱ्या फेरीत शेवटच्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल मऊ लागलं. लोण्यात पाय जावा तसा पाय खाली गेला. गाडी वळली, पण दोन कोन उडवून.

मेकॅनिक धावत आला, बॉनेट उघडून त्याने पाहिलं. ब्रेक ऑइल जुनं झालं होतं. जुनं ऑइल हवेतलं पाणी धरतं आणि तापल्यावर उकळतं. चाकाची डिस्क दाबून धरणारे पॅडही साध्या रस्त्याच्या कामाचे होते.

"बदलू की," तो म्हणाला. "त्येच्यात काय न्हाई. पर सायलेन्सर तर घ्या बाई. लोकं बघत्यात."

आमच्या गटाच्या नियमात एकच मोठा बदल चालत होता. इंजिनचं काम केलं तर ब्रेक कंपनीचेच ठेवायचे. ब्रेकचं काम केलं तर इंजिनला हात लावायचा नाही. गाडी हलकी करायला मागचं सीट आणि स्टेपनी काढलेली चालत होती. बाकी काही नाही. मेकॅनिकचं मत इंजिनकडे होतं. तुमच्या मामाला मी कळवलं तेव्हा त्याचंही तेच. दाढीवाल्याने तर न विचारताच सांगितलं, "आज्जी, आवाज पायजेच. आवाजाबिगर कोण गाडी म्हणतंय?"

मी वडगावच्या विणकराची मुलगी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याचा अर्थ काय, हे कदाचित तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. आमच्या घरात दोन यंत्रमाग होते आणि त्यांच्या खडखडाटात मी इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं पाठ केली. आडव्या विणीतला धागा तुटला की माग त्याच ठोक्याला थांबला पाहिजे. नाहीतर साडीत आडवी रिकामी पट्टी पडते आणि ती साडी कोणी घेत नाही. आमच्या शेजाऱ्याने एकदा मोटरला मोठी पुली बसवली. माग सणसण धावू लागला. सगळी गल्ली बघायला जमली. माझ्या आईने वडिलांना विचारलं, आपण कधी बसवायची? त्यांनी आमच्या मागाच्या ब्रेकचं झिजलेलं चामडं काढलं, नवं बसवलं आणि हाताने एक धागा तोडून बघितला. माग जागच्या जागी थांबला. पुन्हा तोडला, पुन्हा थांबला. मग म्हणाले, "थांबतंय. आता बघू किती पळवायचं ते." त्या महिन्यात शेजाऱ्याच्या साड्या परत आल्या.

मेकॅनिकला मी ही गोष्ट सांगितली नाही. फक्त म्हणाले, "ब्रेक करा. इंजिनला हात लावायचा नाही."

"विचार करा बाई."

"केला."

तो दोन दिवस माझ्यावर रुसला होता. पण काम त्याने चोख केलं. जास्त उष्णता सोसणारे पॅड आणले, नवं ऑइल भरलं, पुढच्या दोन्ही डिस्क उद्यमबागेतच लेथवर घासून आरशासारख्या केल्या. मागचं सीट काढलं. जुने पॅड मी टाकू दिले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर "जुने, पुढचे, डावे-उजवे" असं लिहून डिकीत ठेवले. तो म्हणाला, "बाई, ह्ये काय लोणच्याची बरणी हाय व्हय, चिठ्ठी लावताय?"

नवे पॅड एकदम जोरात वापरायचे नसतात. हमरस्त्यावर वेगात जाऊन हळूहळू वेग कमी करायचा, पुरतं थांबायचं नाही, आणि असं दहाएक वेळा करून ते डिस्कवर बसवून घ्यायचे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बेळगावहून निपाणीला जाताना मी ते केलं. तवंदीचा घाट उतरताना पेडल दगडासारखं घट्ट होतं. मी एकटीच होते, तरी मोठ्याने म्हणाले, "हं, आता बोला."

दिरांच्या घरी मुक्काम होता. माझी धाकटी जाऊ दारात वाट बघत होती. चाळीस वर्षं तिने मला कधी आक्का सोडून दुसरी हाक मारलेली नाही. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आक्का, नवं काय बसवलंय हितं?"

मी चाकाच्या आऱ्यांतून आत चमकणारी डिस्क दाखवली. "ही बघ. उद्याचं सगळं हिच्यावर आहे."

ही माझी चूक. वेगळे शब्द वापरले असते तर पुढचं घडलं नसतं. आपल्याकडे घरात नवं काही आलं की उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तेल घालतात. सुनेसाठी घालतात, बाळासाठी घालतात, नव्या ट्रॅक्टरसाठीही घालतात. मी आत चहा पीत होते तोपर्यंत माझ्या जावेने, उद्याचं सगळं जिच्यावर आहे तिची पूजा केली. बॉनेटची नाही, टायरची नाही. आऱ्यांतून वाटी आत घालून तिने दोन्ही बाजूंच्या डिस्कवर तेल घातलं आणि वर हळदकुंकू लावलं. डावं चाक तुळशीच्या कट्ट्याला लागून होतं, तिथे तिचा हात नीट पोचला नाही. उजव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे तिने मनापासून घातलं.

सकाळी निघाले. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला तर गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली. दुसऱ्यांदा दाबला, पुन्हा तेच. मी गाडी बाजूला घेऊन उतरले. उजव्या चाकाच्या आत तेल ओघळलं होतं आणि त्यात कुंकू चिकटलं होतं.

जाऊ माझ्या शेजारी बसून आली होती. तिने ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तू तेल घातलंस?"

"घातलं की. नव्या वस्तूला तेल घालू नको म्हणताय?"

"अगं, ब्रेकला तेल! ब्रेकचं कामच घासायचं असतं!"

"मला कोण सांगितलंय?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हटला, सगळं हिच्यावर हाय. मग देवाचं करायला नको?"

मागून दिरांची गाडी आली. ते किल्ली घ्यायला निघाले होते, दुसरं काय. काच खाली करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वैनी," ते म्हणाले, "देवानंच सांगितलं म्हणायचं. आता ऐका. गाडी हितंच राहू दे, माझा ड्रायव्हर आणील."

पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, बैलगाडीच्या चालीने उरलेलं अंतर चालवून मैदानावर आले. मागे दिरांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तो दिरांच्या सांगण्यावरून वाजवत होता याची मला खात्री आहे.

आधीच येऊन थांबलेल्या मेकॅनिकने चाक काढलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, पॅड तेल प्यालंय. कामाचं न्हाई आता. दोन्हीकडचं टाकायला पायजे. निपाणीत ह्ये मिळणार न्हाई आज."

"डिकी उघडा," मी म्हणाले.

वर्तमानपत्राची पुडी त्याने हातात घेतली, माझं अक्षर वाचलं आणि पॅड उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाला, "हे जुनं. तापलं की दम सोडणार. ऑइल नवं हाय, पेडल मऊ पडणार न्हाई, पर धरणार कमी."

"म्हणजे लवकर दाबायचा."

"लई लवकर."

"ठीक आहे. मला लवकर निघायची सवय आहे."

डिस्कवरचं तेल काढायचं राहिलं होतं. त्याने थिनरची बाटली आणि फडकं काढलं, तेवढ्यात माझी जाऊ पदर खोचून चाकाशी उकिडवी बसली. "द्या हिकडं. तेल मी घातलंय, मीच काढणार." मी दुसऱ्या चाकाशी बसले. दोघी मिळून एकशे तीस वर्षांच्या बायका, नऊवार आणि पंजाबी ड्रेस, मैदानाच्या मधोमध लोखंड घासत होतो. भोवती पोरांच्या गाड्या गुरगुरत होत्या. दाढीवाला येऊन बघून गेला.

"चकाकतंय का बघा," जाऊ म्हणाली. डिस्क तिच्या स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या भांड्यांसारखी चकाकत होती.

दीर सावलीत उभे होते. "अगं, ऊठ तिथनं," ते तिला म्हणाले. "लोकं बघत्यात."

"बघू देत," ती म्हणाली आणि उठली नाही.

पहिली फेरी मी जपून केली. प्रत्येक वळणाआधी दोन कोन अलीकडेच ब्रेक दाबत होते. वेळ वाईट आली, पण एकही कोन पडला नाही. दुसऱ्या फेरीत मी थोडी सुटले. अरुंद वळणावर मागचं चाक सरकलं आणि एक कोन आडवा झाला. दंड बसला, पण फेरी पुरी झाली. दिरांनी तेव्हा किल्लीसाठी हात पुढे केला होता असं मेकॅनिक नंतर म्हणाला. मी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीआधी मी गाडी सावलीत उभी केली, पॅड थंड होऊ दिले आणि वही उघडली. सरावाच्या दिवशी पेडल कुठे मऊ झालं होतं ते मी लिहिलं होतं. शेवटच्या वळणाच्या आधी, वळणापासून मागे मोजत आलं तर तिसऱ्या कोनापाशी. मी ठरवलं, तिथे पाचव्या कोनापासूनच पाय ठेवायचा. हळू गेलं तरी चालेल, पण फेरी पुरी झाली पाहिजे. कोणाला हरवायला मी आले नव्हते. मला फक्त किल्ली द्यायची नव्हती.

झेंडा पडला. त्या फेरीतलं मला फार कमी आठवतं. हेल्मेटच्या आत माझाच श्वास ऐकू येत होता. पाचव्या कोनापाशी पाय ठेवला. ब्रेकने आधी धरलं नाही. मग धरलं. जळक्या वासाचा एक लोट आत आला. गाडी वळली. सगळे कोन उभे होते. रेषेपलीकडे गाडी थांबली तेव्हा माझी जाऊ कोनांच्या दोरीपलीकडून आत धावत येत होती आणि एक माणूस शिट्टी वाजवत तिच्या मागे धावत होता.

आमच्या गटात सोळा गाड्या होत्या. मी बारावी आले. दाढीवाला पहिल्या तिघांत होता, पण पुरत्या बदललेल्या गाड्यांच्या गटात. जाताना तो माझ्या गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, "आज्जी, शेवटच्या वळणाला तुम्ही कुठनं ब्रेक मारला?" मी त्याला वही दाखवली. त्याने फोनवर तिचा फोटो काढून घेतला.

मी तिथूनच तुमच्या आईला फोन लावला. तिने मग विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी म्हणाले, "मी ठीक आहे. गाडी ठीक आहे. तिन्ही फेऱ्या झाल्या. विषय बंद." ती म्हणाली, "बंद." तिच्या आवाजात जे होतं ते हरणं नव्हतं, असं मला वाटतं. काय होतं ते तुम्ही तिलाच विचारा.

दीर पुढे आले. मला वाटलं काहीतरी टोमणा येणार. ते म्हणाले, "वैनी, दमला असाल. माझ्या गाडीत मागं बसा दोघी. तुमची गाडी ड्रायव्हर आणंल."

हात पुढे होताच. सवयीने असेल, मी त्याचा राग मानला नाही. पण किल्ली माझ्या मुठीत राहिली.

जाऊ म्हणाली, "तुम्ही व्हा म्होरं. मी आक्कांच्या गाडीतनं येतो."

"मग मी पण येतो की तुमच्यासंगं," दीर म्हणाले. त्यांना एवढ्या वर्षांत बायकोशिवाय परत जायची वेळ आली नसावी.

तिने माझ्या गाडीचं मागचं दार उघडून त्यांना दाखवलं. आत सीट नव्हतं, नुसता पत्रा होता. "जागा न्हाई," ती म्हणाली आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसली.